एका प्रेक्षकाची कला

नाटकांवर लिहिण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. दिवसा एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आकडे जुळवायचे आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात किंवा चिंचवडच्या प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या चुका टिपायच्या, असा हा दुहेरी संसार. तिसरी रांग समीक्षकाला फार सोयीची असते. तेथून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, पण तो आपल्या अंगावर उडत नाही. अशा सुरक्षित जागेची सवय जडलेल्या माणसाने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी टँगो शिकायला जावे, हे माझ्या मित्रांना विनोदी वाटले. मलाही वाटले. परंतु त्या विनोदातून कलेच्या आस्वादाविषयीच्या माझ्या काही पक्क्या समजुती उलट्यापालट्या झाल्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो रहाटणीला. एका अंगाला काळेवाडी, दुसऱ्या अंगाला पिंपळे सौदागर, जवळून वाहणारी पवना, मधोमध जुने गावठाण आणि भोवती इमारतींचे रान. आम्ही बिऱ्हाड थाटले तेव्हा खिडकीतून ज्वारीचे रान दिसे. आता समोरच्या घरातला टीव्ही दिसतो. पहाटे चाकणच्या कारखान्यांच्या बसगाड्या माणसे गोळा करून नेतात आणि रात्री, पाळी संपली की, परत आणून सोडतात. आमच्या जिन्यात लातूरची, नागपूरची, केरळची आणि बिहारची बोली एकाच वेळी ऐकू येते. दोनशे बिऱ्हाडांची सोसायटी, पण ओळखी बहुतेक लिफ्टपुरत्या.

गेल्या दिवाळीनंतर या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लागला : शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये टँगो, जोडीने या, एकटे या, काहीच येत नसेल तरी या. शिकवणारा तरुण चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. कामानिमित्त दोन वर्षे परदेशी राहिला, तेथे हे शिकला, आणि आता तो व त्याची बायको मिळून शिकवणार होते. माझी पत्नी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. सूचना वाचून तिचे पालन करण्याची तिला सवय. ती म्हणाली, "अहो, शनिवारी तुमचं नाटक नाही ना?"

मी म्हटले, "नाही."

"मग जाऊ या."

टँगो म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे काय येई, ते आधी प्रांजळपणे सांगतो. दातांत गुलाब, पुरुषाच्या कपाळावर तेलकट केसांची बट, बाईचा पाय विजेसारखा वर जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. हे चित्र सिनेमाने दिलेले. १९२१ च्या 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स' या मूकपटात रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने टँगो केला आणि तो रुबाब जगभर पसरला. माझ्या पिढीला अधिक जवळचा म्हणजे १९९२ च्या 'सेंट ऑफ अ वुमन'मधला अल् पचिनो. कार्लोस गार्देलची 'पोर उना काबेसा' ही धून वाजते आहे आणि निवृत्त लष्करी अधिकारी एका अनोळखी तरुणीला घेऊन नाचतो आहे. तो प्रसंग मी चार वेळा तरी पाहिला असेल. पण त्यातला पुरुष आंधळा आहे या गोष्टीला मी कथानकातला तपशील समजत आलो. टँगोला डोळ्यांची गरज नाही, हे त्यात सांगितलेले होते. ते मला दिसले नाही, कारण मी पाहत होतो.

खरे म्हणजे टँगो नावाच्या तीन वेगळ्या वस्तू आज जगात आहेत. एक इंग्लंडमध्ये नियमांत बसवलेला बॉलरूमचा टँगो. त्यात माना झटकतात आणि पावले ठरलेली असतात. दुसरा रंगमंचावरचा. 'टँगो अर्जेंटिनो' या नावाचा प्रयोग १९८३ साली पॅरिसमध्ये झाला, १९८५ मध्ये तो ब्रॉडवेवर गेला, आणि विस्मरणात चाललेल्या या नृत्याकडे जग पुन्हा वळले. तिसरा साधा माणसांचा. संध्याकाळी जमून, कोणासाठीही न नाचता, आपसांत नाचण्याचा. या जमण्याला मिलोंगा म्हणतात. ब्वेनोस आयरेसला २००३ पासून जी जागतिक स्पर्धा भरते, तिच्यातही रंगमंचाचा टँगो आणि फरशीवरचा टँगो असे दोन निराळे विभाग असतात. फरशीच्या विभागात आधी बसवून आणलेला नाच चालत नाही, आणि गाणे वाजत असताना मिठी सोडता येत नाही. आमच्या हॉलमध्ये आला तो हा तिसरा टँगो. त्याच्याविषयीच मी लिहितो आहे.

पहिल्या शनिवारी आम्ही अकराजण होतो. मी उत्साहाने विचारले, "आज कोणती पावलं शिकवणार?" तो तरुण म्हणाला, "काका, आज फक्त चालायचं."

मला थोडा अपमान वाटला. चालणे मला येत होते, निदान तशी माझी समजूत होती. त्याने सांगितले, एका वेळी शरीराचा भार एकाच पायावर हवा. दुसरा पाय घंटेच्या लोळीसारखा मोकळा हवा. भार पुरता एका पायावर आल्याशिवाय दुसरे पाऊल टाकायचे नाही. पायांकडे बघायचे नाही. समोरच्याला हातांनी ढकलायचे-ओढायचे नाही. आधी आपली छाती जाते, तिच्या मागून पाय जातो, आणि समोरच्या माणसाला ते छातीवाटे कळते. एवढेच. पण एवढ्यात माझा दीड तास गेला. दोन्ही पायांवर थोडाथोडा भार ठेवून उभे राहण्याची मला जन्माची सवय. सावध माणसाची ती उभे राहण्याची तऱ्हाच असते. त्यामुळे मी कोणत्या पायावर आहे हे माझ्या पत्नीला कळेना, आणि तिने कोणता पाय मागे घ्यायचा हे तिला ठरवता येईना. तीनदा मी तिच्या अंगठ्यावर पाय दिला.

यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगायला जड जाते. लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण रस्त्याने जाताना मी नेहमी चार पावले पुढे असतो. मुद्दाम नव्हे, आमच्या वडिलांची तीच चाल होती, त्यांच्या वडिलांचीही तीच असणार. पिशवी घेऊन मागून येणाऱ्या बाईचा वेग किती, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. टँगोत बहुतेक वेळ मी पुढे चालतो आणि ती मागे, म्हणजे पाठमोरी, चालते. जिकडे जायचे तिकडे तिची पाठ. तिला दिसत नाही, मला दिसते. तिच्या पावलाची लांबी किती, तिचा उजवा गुडघा किती वाकतो, हे मला ठाऊक असल्याखेरीज एक पाऊलही टाकता येत नाही. त्या रात्री घरी आल्यावर मला हिशेब करावासा वाटला की अडतीस वर्षांत ही माहिती मी कधी गोळा केली होती. खात्यावर काहीच जमा नव्हते.

दुसऱ्या महिन्यात 'ओचो' आला. ओचो म्हणजे आठ. बाईची पावले जमिनीवर आठाचा आकडा काढतात. आमच्या वर्गातल्या एका आजींनी प्रामाणिकपणे मराठी आठ काढायचा प्रयत्न केला आणि त्या भिंतीला जाऊन लागल्या. आठ इंग्रजी धरायचा असतो. या हसण्या-अडखळण्यात आमच्या लिफ्टपुरत्या ओळखी जिन्यापर्यंत आल्या.

आता थोडे या नृत्याच्या कुळाविषयी. दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाता नावाचे नदीचे विस्तीर्ण मुख आहे. त्याच्या एका काठाला अर्जेंटिनाचे ब्वेनोस आयरेस, दुसऱ्या काठाला उरुग्वेचे मोन्तेविदेओ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन बंदरांतल्या गरीब वस्त्यांत टँगो जन्मला. इटलीहून, स्पेनहून बोटी भरभरून आलेले मजूर, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, आणि तेथलेच गुराखी व कष्टकरी, यांच्या ताल-सुरांची ती सरमिसळ. हे लोक ज्या घरांत राहत त्यांना 'कोन्वेंतिल्यो' म्हणत : मधे चौक, भोवती खोल्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब. गिरगाव-परळच्या वाचकाला याहून अधिक वर्णन नको. बायकांची संख्या कमी, पुरुषांची जास्त. त्यामुळे पुरुष आपसांत सराव करीत आणि नीट येऊ लागल्यावरच बाईपुढे जाऊन उभे राहत. आमच्या रंगभूमीवर नारायणराव राजहंसांनी शालू नेसावा आणि त्यांच्यावरून बायकांनी पदर घ्यायला शिकावे, तसाच काहीसा हा काळाचा चमत्कार. प्रतिष्ठितांनी या नृत्याला आधी नाक मुरडले. मग १९१३ च्या सुमारास पॅरिसला त्याचे वेड लागले. जर्मन कैसरने गणवेशातल्या अधिकाऱ्यांना टँगो नाचायची मनाई केली. आणि पॅरिसला आवडले म्हटल्यावर ब्वेनोस आयरेसच्या बंगल्यांनाही ते आवडू लागले. आपल्या घरच्या वस्तूची किंमत परगावच्या पावतीवरून ठरवण्याची रीत आपल्यालाही अपरिचित नाही. २००९ साली युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांचा वारसा म्हणून टँगोची नोंद केली.

त्याचे वाद्य तर आपल्या पेटीचे मावसभावंड. बँडोनियन हे जर्मनीत क्रेफेल्ड येथील हाइनरिख बांड यांच्या नावाने ओळखले जाणारे वाद्य. भाता, आणि हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, तत्त्व पेटीचेच. फरक इतकाच की भाता उघडताना एका कळीतून एक स्वर येतो आणि मिटताना बहुतेक वेळा दुसराच. पेटीही युरोपातून आली. तिला आपण नाट्यसंगीतात घरची करून घेतली, मैफलीत बसवली, आणि तरी १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली ती तीस-एक वर्षे उठली नाही. परके वाद्य दुसऱ्या भूमीत जाऊन तेथल्या दुःखाचा आवाज होते, ही किमया दोन्हीकडे सारखीच घडली. मला वाटते, म्हणूनच पहिल्या संध्याकाळी कार्लोस दि सार्लीच्या वाद्यवृंदाची तबकडी लागली तेव्हा परके असे काही वाटले नाही. दि सार्ली (१९०३-१९६०) स्वतः पियानो वाजवी. त्याच्या संगीतात चालीचा ठोका स्वच्छ ऐकू येतो आणि दोन ठोक्यांमध्ये श्वास घ्यायला जागा असते. म्हणून नवशिक्याला बहुधा त्याच्याच हवाली करतात. हुआन दारिएन्सोचा ठोका चटपटीत, कुरकुरीत. ओस्वाल्दो पुग्लिएसेकडे लय ताणून सोडण्याची विलक्षण तऱ्हा. त्याच्या वाटेला आम्ही अजून गेलो नाही. आस्तोर पियात्सोला हा टँगोला मैफलीत नेऊन बसवणारा थोर संगीतकार, पण मिलोंगात त्याची रचना क्वचितच लागते. तिसऱ्या रांगेतला मी मात्र इतकी वर्षे पियात्सोला म्हणजेच टँगो समजत होतो.

येथपर्यंत माहिती झाली. समीक्षकाची अडचण येथून पुढे सुरू होते.

भरतमुनींपासून आपले सगळे सौंदर्यशास्त्र नट आणि प्रेक्षक या दोन टोकांवर उभे आहे. एकाने दाखवावे, दुसऱ्याने पाहावे, आणि पाहणारा सहृदय असेल तर रस उत्पन्न व्हावा. या मांडणीत टँगो कोठे बसवायचा? मिलोंगात भिंतीशी बसून पाहणाऱ्याला फारसे काही दिसत नाही. दहा-पंधरा जोड्या एकामागून एक, घड्याळाच्या उलट दिशेने, संथ फिरत असतात. कोणी पाय उचलत नाही, कारण मागच्याला लागेल. पुष्कळांचे डोळे मिटलेले. याहून निरस देखावा मी रंगभूमीवर पाहिला असता तर दुसऱ्या अंकाला उठून गेलो असतो. आणि तरी त्या जोड्यांपैकी एखादीच्या अंतरंगात त्या क्षणी पहिल्या प्रतीची कलाकृती घडत असते. ती पाहण्याचा अधिकार फक्त एका माणसाला आहे, आणि तो माणूस ती घडवण्यातही निम्मा भागीदार आहे. या कलेला प्रेक्षक एकच. आणि तो मिठीच्या आत उभा असतो.

यावरून बोर्हेस यांची आठवण होते. अर्जेंटिनाच्या या श्रेष्ठ लेखकाने टँगोवर निबंध लिहिला, १९६५ साली ब्वेनोस आयरेसमध्ये त्यावर चार व्याख्यानेही दिली. त्यांचा ओढा जुन्या, धीट, सुरीबाज वस्तीतल्या टँगोकडे. गार्देलच्या काळापासून टँगो रडका झाला, अशी त्यांची तक्रार. विद्वत्तेपुढे मान लवते. पण आता मला असे वाटते की ही गाण्यांची आणि दंतकथांची समीक्षा आहे. शब्द रडके असतील. त्यांवर चालणारी जोडी रडत नसते, ती ऐकत असते. बोर्हेस यांची जागाही तिसऱ्या रांगेतलीच होती, इतके म्हणण्याचे धाडस मी करतो, कारण त्या रांगेतली खुर्ची मला चांगली परिचयाची आहे.

मग या कलेचे मोजमाप कोणत्या शब्दाने करायचे? आपल्याकडे तो शब्द आहे : 'साथ'. गायकामागे पेटीवाला बसतो. तो गायकाच्या मागून जातो, पण त्याला कोणी हुकमाचा ताबेदार म्हणत नाही. गायकाने जागा सोडली की तो ती भरतो. गायक सुराच्या टोकावर थांबला की तोही थांबतो. आणि चांगला गायकही साथीदाराचे ऐकून आपली तान वळवतो. साथीत जो पुढे आहे त्याच्यावर ऐकण्याची जबाबदारी अधिक. टँगोत पुढाकार घेणाऱ्याचे काम नेमके हेच आहे. मी सुचवायचे, मग थांबायचे. तिने ते आपल्या वेळात पुरे करायचे. तिचा भार पायावर आला हे मला कळले की मगच पुढचे. पहिले तीन महिने मी सुचवत होतो, थांबत नव्हतो. माझ्या गाण्याला मी साथ मागत नव्हतो, टाळ्या मागत होतो.

आपल्या मातीत याचे नातलग नाहीत असेही नाही. मंगळागौरीची फुगडी घ्या. दोघी हात धरून मागे रेलतात; एकीने हात सोडला तर दुसरी पडेल. दोघींचा मिळून एक तोल. वारीत पुरुषही फुगडी खेळतात. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते तेव्हा आमच्या उंबऱ्याजवळच हे दृश्य दिसते. फुगडीत तोल बाहेर रेलून सापडतो, टँगोत आत झुकून. पण विश्वासाचे गणित एकच. गोव्यातल्या सासष्टीचा मांडो याहून निराळा. तोही एकोणिसाव्या शतकातला, तोही संथ आणि विरहाचा; स्त्रिया व पुरुष समोरासमोर रांगांत उभे राहतात, हातांत पंखे, व्हायोलिनला घुमटाची साथ. पण ते स्पर्श करीत नाहीत. मधले अंतर हाच त्याचा अलंकार. आणि हिंदी चित्रपटांत दक्षिण अमेरिकेचे ताल आले तेही मराठी-गोमंतकीय हातांनीच : १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र आणि त्यांच्या सोबतीला चिक चॉकलेट. तेव्हा हा पाहुणा आपल्या दाराशी पहिल्यांदाच आला आहे, असे कोणी समजू नये.

तथापि आमच्या सोसायटीत तसे समजणारे होते. वैशाखात सर्वसाधारण सभा झाली, तिच्यात विषय आला. एक सद्‌गृहस्थ उठून म्हणाले, की हॉल कौटुंबिक कार्यासाठी आहे, परस्त्री-परपुरुषाने गळ्यात गळा घालून फिरणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, मुले बघतात. दोन-चार माना हलल्या. मी तयारीने गेलो होतो. माझ्या खिशात टिपणे होती : युनेस्को, २००९, फुगडी, मांडो, बँडोनियन आणि पेटी. मी चष्मा पुसून उभा राहणार, तोच माझी पत्नी उभी राहिली. अडतीस वर्षांत ती सभेत माझ्याआधी बोललेली मला आठवत नाही. ती म्हणाली, "गणपतीच्या मिरवणुकीत भोंग्यापुढे गर्दीत बायकांना किती धक्के बसतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते आपल्या संस्कृतीत बसतं का? इथं विचारल्याशिवाय कोणी हात धरत नाही. आणि नको म्हटलं तर कोणी 'का' म्हणून विचारत नाही. माझ्या नातीनं हे बघावं असंच मला वाटतं."

सभा थोडा वेळ गप्प झाली. मग कोणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. वर्ग चालू राहिला. माझी टिपणे मी येथे वापरली आहेत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

तिच्या बोलण्यातली 'विचारण्याची' गोष्ट थोडी उलगडायला हवी, कारण माझ्या मते टँगोचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. मिलोंगात तीन किंवा चार गाण्यांचा एक गुच्छ वाजतो, त्याला तांदा म्हणतात. दोन तांदांमध्ये काही क्षण भलतेच संगीत लागते. त्याचे नाव 'कोर्तिना', म्हणजे चक्क पडदा. पडदा पडला की सगळ्यांनी फरशी मोकळी करायची. मग नवा तांदा सुरू होतो आणि लोक एकमेकांकडे पाहतात. ज्याच्याशी नाचायचे त्याच्याकडे दुरून नजर टाकायची. त्याने नजर दिली आणि मान किंचित लवली की ठरले. त्याने नजर दिलीच नाही, तर काहीच घडलेले नसते. कोणी विचारले नाही, कोणी नाकारले नाही. कोणाची मान खाली गेली नाही. या रीतीला 'काबेसेओ' म्हणतात. ज्या वस्त्यांत सुऱ्या चालत, त्याच वस्त्यांतल्या नृत्यात नकाराला इतके सौजन्याचे घर मिळावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आमच्या पिढीच्या लग्नांत मुलीला 'पाहायला' जात. त्या पाहण्यात नजर खाली ठेवण्याचा अधिकार तिला होता, पण त्या खाली गेलेल्या नजरेचा अर्थ 'होकार' असाच धरला जाई.

श्रावणात आमची पहिली छोटी मिलोंगा झाली. थेरगाव, वाकडकडूनही काही मंडळी आली होती. दि सार्लीचा तांदा लागला. मी खोलीपलीकडे बसलेल्या माझ्या पत्नीकडे पाहिले. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मी थोडा खाकरलो. ती पाहतच राहिली बाहेर. तो तांदा मी भिंतीशी बसून काढला, आणि तिसऱ्या रांगेत बसणे प्रथमच कष्टाचे वाटले. पुढच्या तांद्याला ती त्या शिकवणाऱ्या तरुणाबरोबर नाचली. डोळे मिटलेले, चेहरा शांत. ती चांगली नाचते हे तेव्हा मला दिसले. माझ्याबरोबर असताना ते कळायला मी जागा ठेवली नव्हती.

आक्षेप माझेही आहेत, ते लपवत नाही. 'पुरुषाने सुचवावे, बाईने ऐकावे' ही जुनी वाटणी टँगोत मुरलेली आहे, आणि तिच्यावर साथीचे कितीही सुंदर रूपक पांघरले तरी ती मुळात वाटणीच आहे. आज ठिकठिकाणी बायका पुढाकार घेतात, पुरुष मागे चालायला शिकतात, स्त्री स्त्रीबरोबर व पुरुष पुरुषाबरोबर नाचतो. आमच्या वर्गातही महिन्यातून एका शनिवारी बाजू बदलतात. मी मागे चाललो तेव्हा पाठमोऱ्या माणसाला किती भीती वाटते, हे मला पहिल्या मिनिटात कळले. माझ्या मते प्रत्येक नवशिक्या पुरुषाला पहिला महिना मागेच चालवावे. दुसरा आक्षेप पैशाचा. खास बूट, बाहेरगावचे उत्सव, यांनी ही गरिबांची कला सुस्थितांची होत चालली आहे. आमच्यापुरते बोलायचे तर जुन्या चामडी तळव्याच्या बुटांनी भागते. रबरी तळवा मात्र नको. वळताना पाय जागीच राहतो आणि गुडघा पिरगळतो, हे स्वानुभवाने सांगतो.

ज्यांना या वाटेने यावेसे वाटेल त्यांना एवढेच सांगेन, की पावलांची संख्या वाढवण्याची घाई करू नये. चालणे, थांबणे आणि भार बदलणे या तीन गोष्टींवर अख्खे गाणे निघते, आणि चांगले निघते. आरशापुढे नाचू नये. शक्य तर नेहमीच्या जोडीदाराखेरीज इतरांबरोबरही चालावे, कारण आपल्या चुका आपल्या माणसाला पाठ झालेल्या असतात आणि तो त्या न सांगता सावरून घेतो.

त्या श्रावणातल्या संध्याकाळी शेवटचे गाणे म्हणून रिवाजाप्रमाणे 'ला कुम्पार्सिता' असलेला तांदा लागला. मोन्तेविदेओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस या विद्यार्थ्याची ही रचना. शंभर वर्षे उलटून गेली तरी मिलोंगाचा निरोप तिनेच घेतात. मी पुन्हा खोलीपलीकडे पाहिले. या वेळी खाकरलो नाही. तिने नजर दिली. मान लवली की नाही हे मला नीट दिसले नाही, पण ती उठली.

घरी येताना लिफ्ट बंद होती. जिना चढताना, तिच्या गुडघ्याच्या बेताने, मी विचारले, "कसं झालं?" बत्तीस वर्षे हा प्रश्न नट मला विचारत आले, मी पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला विचारत होतो.

ती एका पायरीवर थांबली. म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात तुम्ही ऐकत होता. तिसऱ्यात पुन्हा दाखवायला लागलात."

इतके नेमके परीक्षण मी आजवर लिहिलेले नाही. उरलेले दोन मजले आम्ही बरोबरीने चढलो.